मोबाइलवरचे हॉर्सपॉवर येतात कुठून?

गणपतीची चवथ आठ-दहा दिवसांवर आली होती. फोंड्याला बहिणीकडे गेलो, तर भाचा अंगणात गाडीचं दार उघडं टाकून मोबाइलकडे टक लावून बसला होता. "मामा, हे बघ. पंधरा हॉर्सपॉवर गेले!"

गाडी २०१८ची पेट्रोल स्विफ्ट. कागदावर ताकद ८३. मोबाइल दाखवत होता ६८. स्टीअरिंगखालच्या सॉकेटात आगपेटीएवढं एक यंत्र खोचलेलं होतं आणि ते ब्लूटूथवरून मोबाइलशी बोलत होतं. दोष कुणाचा हे त्यानं आधीच ठरवून टाकलं होतं: इथेनॉलवाल्या पेट्रोलचा. त्यावर उपायही सापडला होता. एका ट्यूनिंगवाल्यानं सांगितलं होतं, "लॅपटॉप जोडतो आणि तीस हॉर्सपॉवर वाढवून देतो."

अशी मुलं आता गावोगाव आहेत. ॲप स्वस्त, यंत्र स्वस्त, आणि पडद्यावर आकडा दिसला की तो खराच वाटतो. म्हणून हा आकडा कसा तयार होतो हे मुळापासून सांगावंसं वाटलं. एक गोष्ट मात्र आधीच सांगतो. यातलं कुठलंही सॉफ्टवेअर ताकद मोजत नाही. ते दुसरंच काहीतरी मोजतं आणि त्यावरून ताकदीचा हिशेब मांडतं.

आधी विहीर बघू

आमच्या जुन्या घराच्या परसात विहीर आणि तिच्यावर रहाट होता. टाकी भरायची असली की दोन रीती. आजोबा मोठी कळशी सोडायचे आणि सावकाश ओढायचे. आम्ही पोरं छोटी बादली भराभर ओढायचो. दोन्ही रीतींनी टाकी अर्ध्या तासातच भरायची.

एका खेपेला दोराला जो ताण बसतो, तो टॉर्क समजा. इंजिनात हा ताण सरळ ओढण्याचा नसून पिळण्याचा असतो, एवढाच फरक. एका मिनिटात किती खेपा झाल्या, ते आरपीएम, म्हणजे इंजिनाचे मिनिटाला होणारे फेरे. आणि एका मिनिटात टाकीत किती पाणी पडलं, ती पॉवर. मोठी कळशी सावकाश किंवा छोटी बादली भराभर, पाणी तेवढंच.

टॉर्क न्यूटन-मीटरमध्ये मोजतात. स्विफ्टचा टॉर्क ११३ न्यूटन-मीटर आहे. एक मीटर लांब दांड्याच्या टोकाला साडेअकरा किलो तांदूळ टांगला की दांडा जेवढ्या जोरानं पिळला जाईल, तेवढा हा जोर. ऐकायला थोडा वाटतो, पण पहिला गिअर आणि चाकांकडे फेरे पोचवणारा डिफरन्शियल मिळून तो चाकांपर्यंत चौदा-पंधरा पट करतात. त्या बदल्यात चाकाचे फेरे तेवढ्याच पटीनं कमी होतात. गिअर पॉवर वाढवत नाही. बादलीच्या जागी कळशी लावून देतो, इतकंच.

हॉर्सपॉवर हा शब्द जेम्स वॉटनं १७८०च्या दशकात रूढ केला. वाफेचं इंजिन विकायचं, तर गिरणी ओढणाऱ्या घोड्यांशी तुलना गिऱ्हाइकाला पटकन कळत असे. मिनिटाला ३३,००० पौंड वजन एक फूट उचलणं, हे त्याचं माप. आजच्या हिशेबात ते ७४६ वॉट होतात. आपल्याकडच्या गाड्यांच्या कागदांवर बहुतेक 'पीएस' असं लिहिलेलं असतं. तो मेट्रिक घोडा जरा लहान आहे: ७५ किलो वजन एका सेकंदात एक मीटर उचलणारा, ७३५.५ वॉटचा. त्यामुळे ८३ पीएस म्हणजे सुमारे ८२ हॉर्सपॉवर. ॲप एकात दाखवतं आणि कागद दुसऱ्यात, म्हणून एक आकडा तर इथेच 'हरवतो'.

टॉर्क आणि पॉवर वेगळे नाहीत

टॉर्कला आरपीएमनं गुणा आणि ७,०२३ने भागा, पीएस मिळतात. सूत्र एवढंच. याच्या उलटही करता येतं. स्विफ्टचे ८३ पीएस ६,००० आरपीएमला येतात. म्हणजे त्या वेगाला टॉर्क ९७ न्यूटन-मीटर. छापील ११३ येतात ४,२०० आरपीएमला. पुढे फेरे वाढतात तसा प्रत्येक फेऱ्याचा जोर थोडा घटतो, पण फेरे जास्त झाल्यामुळे एकूण पाणी वाढतच जातं.

याच गाडीची डिझेल आवृत्ती ७५ पीएस आणि १९० न्यूटन-मीटरची होती. कागदावर ती पेट्रोलपेक्षा आठ घोड्यांनी कमजोर. पण चोर्ला घाट दोन्ही गाड्यांनी चढलेल्या माणसाला विचारा. डिझेलचे १९० न्यूटन-मीटर २,००० आरपीएमलाच हजर होतात, म्हणजे तिथे ५४ पीएस हाताशी. पेट्रोलला त्याच २,०००ला पुरते ११३ आहेत असं उदार मनानं धरलं तरी हिशेब ३२वर थांबतो. म्हणून पेट्रोलवाल्याला वळणावळणाला गिअर खाली आणावा लागतो. छापील ८३ हा फक्त शिखराचा आकडा. आपण रोज गाडी चालवतो ती डोंगराच्या पायथ्याशी.

सॉफ्टवेअरच्या हाती काय असतं?

इंजिनाला एक संगणक असतो, त्याला ईसीयू म्हणतात. किती पेट्रोल सोडायचं आणि ठिणगी कधी टाकायची हे तो ठरवतो. त्यासाठी त्याला सेन्सरकडून सतत खबर लागते: फेरे किती, हवेचा दाब किती, हवा किती तापलेली, ॲक्सिलरेटर किती दाबलेला, गाडीचा वेग किती. ही खबर बाहेरून वाचता यावी म्हणून सोळा पिनांचं ओबीडी (ऑन-बोर्ड डायग्नॉस्टिक्स, म्हणजे गाडीनं स्वतःचा बिघाड ओळखण्याची सोय) सॉकेट असतं. अमेरिकेत ते १९९६पासून सक्तीचं आहे. आपल्याकडे ओबीडीची दुसरी पिढी बीएस-४ या प्रदूषण-नियमांच्या काळात, २०१३पासून आली. हेतू होता प्रदूषण करणारा बिघाड ओळखण्याचा. ताकद मोजणं हा त्याचा उद्देश कधीच नव्हता.

या सॉकेटातून ताकद दर्शवणारी एकही तार बाहेर येत नाही. मग सॉफ्टवेअर काय करतं? जेवण पाहून काम ओळखतं, किंवा झालेलं काम पाहून. 'टॉर्क' नावाचं अँड्रॉइड ॲप असो की व्यावसायिक ट्यूनर वापरतात ती 'एचपी ट्यूनर्स'सारखी महागडी प्रणाली असो, हिशेबाचे रस्ते मुळात हेच.

जेवणावरून हिशेब: इंजिन किती हवा खातं?

पेट्रोल इंजिनाचं खरं अन्न हवा आहे. पेट्रोल पाहिजे तेवढं ओतता येतं, पण ते जाळायला हवा लागते आणि ती सिलिंडरच्या आकारापेक्षा फार जास्त मावत नाही. हे एकदा मनात बसलं की बाकी सगळं सोपं होतं.

स्विफ्टचे चारही सिलिंडर मिळून ११९७ सीसी, म्हणजे जवळपास १.२ लिटर. हे इंजिन दर दोन फेऱ्यांत एकदा पूर्ण श्वास घेतं. ६,००० आरपीएम म्हणजे मिनिटाला ३,००० श्वास, सेकंदाला ५०. पन्नासदा १.२ लिटर म्हणजे सेकंदाला ६० लिटर हवा. हे कागदावरचं गणित. प्रत्यक्षात फिल्टर, नळ्या आणि व्हॉल्व्ह यांतून घाईघाईनं शिरताना सिलिंडर काठोकाठ भरत नाही. जेवढा भरतो त्या प्रमाणाला आपण 'भरण' म्हणू. ते ९० टक्के धरलं तर ५४ लिटर. तीस अंश तापमानाला लिटरभर हवा सुमारे १.१६ ग्रॅम भरते. म्हणजे सेकंदाला ६२-६३ ग्रॅम हवा.

पूर्ण ॲक्सिलरेटर दाबला की एक ग्रॅम पेट्रोलला तेरा ग्रॅमपेक्षा थोडी कमीच हवा असं मिश्रण जातं. १२.८ धरा. पेट्रोल झालं सेकंदाला सुमारे ४.८५ ग्रॅम. एका ग्रॅममध्ये ४३ किलोज्यूल उष्णता असते, म्हणजे एकूण २०८ किलोवॉट. त्यातली बहुतेक रेडिएटर आणि सायलेन्सर यांतून निघून जाते. कामाला येते साधारण २९ टक्के. २०८चे २९ टक्के म्हणजे ६० किलोवॉट, म्हणजेच ८२ पीएस. छापील आकड्याच्या अगदी शेजारी आलो.

आता जरा थांबून हिशेबाकडे परत बघा. मी 'धरा' आणि 'धरलं' असं किती वेळा म्हटलं? ते २९ टक्के मी २५ केले असते, तर उत्तर आलं असतं ७१. ३३ केले असते तर ९३. इंजिन तेच, हवा तीच, फक्त माझ्या डोक्यातला एक आकडा बदलला आणि बावीस घोड्यांचा फरक पडला.

ॲपचंही हेच होतं. त्यात भर म्हणजे अनेक लहान पेट्रोल गाड्यांत हवेचं वजन मोजणारा सेन्सरच नसतो. असतो फक्त इंजिनात शिरणाऱ्या हवेचा दाब मोजणारा. मग ॲप दाब, तापमान आणि फेरे यांवरून हवा किती गेली असेल याचा अंदाज करतं. त्यासाठी इंजिन किती सीसीचं आणि भरण किती टक्के हे तुम्ही सेटिंगमध्ये भरायचं असतं. न भरल्यास ॲप आपल्या पदरचा आकडा वापरतं.

डिझेलला हे गणित का चालत नाही?

डिझेल इंजिन नेहमी गरजेपेक्षा जास्त हवा घेतं. त्यामुळे हवा मोजून काही कळत नाही, इंधन मोजावं लागतं. मघाच्या डिझेल स्विफ्टमध्ये २,००० आरपीएमला १९० न्यूटन-मीटर हवे असतील, तर दर स्फोटाला साधारण ३७ मिलिग्रॅम डिझेल लागेल. म्हणजे दीडेक तांदळाचे दाणे. ईसीयू हा आकडा बाहेर सांगतो, पण तो त्यानं सोडायला ठरवलेला आकडा असतो. इंजेक्टर झिजला असेल, तर प्रत्यक्षात काय पडतं हे त्याला ठाऊक नसतं. या मुद्द्याकडे पुढे परत येऊ.

काही नव्या गाड्यांत ईसीयू स्वतःच टॉर्कचा आकडा टक्केवारीत देतो. तो त्यातल्या त्यात चांगला, कारण कंपनीनं प्रयोगशाळेत इंजिन बांधून त्याचे तक्ते भरलेले असतात. तरीही तो तक्त्यावरूनच वाचलेला आकडा. तुमच्या इंजिनाची आजची तब्येत त्यात येत नाही.

कामावरून हिशेब: गाडी किती झपाट्यानं पळाली?

हा दुसरा रस्ता मला जास्त प्रामाणिक वाटतो, कारण इथे इंजिनाच्या पोटात डोकावायची गरज नाही. गाडीचं वजन आणि वाढलेला वेग माहीत असला की पुरे.

समजा गाडी आणि आतली दोन माणसं मिळून १,०४० किलो. दुसऱ्या गिअरमध्ये ताशी ६० वरून ८० किलोमीटरला जायला २.८ सेकंद लागले. या वेगवाढीत गाडीत १ लाख १२ हजार ज्यूल ऊर्जा साठली. २.८ने भागल्यास ४० किलोवॉट. शिवाय समोरची हवा कापायला आणि टायर घासले जाण्यात पाचेक किलोवॉट गेले. बेरीज ४५ किलोवॉट, म्हणजे ६१ पीएस. हे चाकावर पोचलेले, आणि तेही ६० ते ८०च्या पट्ट्यातले सरासरी. शिखराचे नव्हेत.

सुंदर रीत आहे, पण तिलाही खोड्या आहेत. सॉकेटातून येणारा वेग पूर्ण किलोमीटरमध्ये येतो, ६० नंतर थेट ६१. स्वस्त यंत्रातून तो सेकंदाला मोजक्याच वेळा येतो. वीस किलोमीटरच्या टप्प्यात एका किलोमीटरची चूक म्हणजे पाच टक्के. टायर कंपनीच्या मापापेक्षा मोठे घातले असतील, तर व्यास तीन टक्के वाढला की वेग तेवढाच कमी दिसतो आणि पॉवर सहा टक्क्यांनी कमी निघते. कारण ऊर्जा वेगाच्या वर्गानं वाढते.

आणि चढ-उतार! शंभर मीटरला एक मीटर चढ डोळ्यांना दिसतही नाही. वरच्या उदाहरणात तेवढा चढ २ किलोवॉट खातो, जवळजवळ पावणेतीन घोडे. आपल्या गोव्यात सपाट रस्ता शोधायचा कुठे? खाजनांतले, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या सखल शेतांतले, रस्ते सपाट असतात, पण अरुंद. महामार्ग रुंद आहे, पण एक तर पूल चढतो किंवा टेकडी. म्हणून एकाच जागी दोन्ही दिशांना चाचणी घेऊन सरासरी काढायची असते.

इथे एक गोष्ट कळकळीनं सांगतो. ही चाचणी सार्वजनिक रस्त्यावर घेऊ नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९मध्ये शर्यतीबरोबरच वेगाची चाचणीही गुन्हा आहे. कायदा बाजूला ठेवला तरी, मोबाइलकडे एक डोळा आणि पायाखाली पूर्ण ॲक्सिलरेटर अशा स्थितीत समोर गुरं आली किंवा बोळातून स्कूटर आली, तर थांबायला जागा उरत नाही. अशी चाचणी बंद ट्रॅकवर किंवा डायनोवरच.

मग डायनोवरचा आकडा तरी खरा का?

डायनो म्हणजे जमिनीत बसवलेले जड रूळ. गाडी त्यावर उभी करून पट्ट्यांनी बांधतात आणि चाकांनी रूळ फिरवायला लावतात. इथे चढ नाही, वारा नाही, वेग अचूक मोजला जातो. म्हणून तो ॲपपेक्षा कितीतरी भरवशाचा.

पण तो मोजतो चाकावरची पॉवर. कंपनी छापते इंजिनाच्या दांड्यावरची. मधे गिअरबॉक्स, बेअरिंग, टायर हे सगळे आपापला वाटा घेतात. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या मॅन्युअल गाडीत तो साधारण १५ टक्के धरायची रीत आहे. म्हणजे ८३ची धडधाकट गाडी डायनोवर सत्तरच्या आसपास दिसली, तर काळजीचं कारण नाही. पण 'साधारण १५' हाही ठरवलेला आकडा आहे, आणि डायनोच्या सॉफ्टवेअरमध्ये तो हातानं भरता येतो. पंधराच्या जागी वीस भरले की छापील कागदावर इंजिनाची ताकद वाढते. डायनोचा कागद हाती आला की पहिला प्रश्न हाच विचारावा: हे चाकावरचे की हिशेबानं वाढवलेले?

पावसाळ्यात गाडी खरंच मंद होते का?

होते, आणि हे मनाचे खेळ नाहीत. हवा दमट असते म्हणजे हवेच्या जागी पाण्याची वाफ बसलेली असते. तीस अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रता असताना शंभर लिटर हवेत साडेतीन लिटरपेक्षा थोडी जास्त वाफच असते. ती जळायला मदत करत नाही. इंजिन श्वास तेवढाच घेतं, पण त्यात प्राणवायू कमी.

यासाठी डायनो आणि चांगली सॉफ्टवेअर एक दुरुस्ती करतात. २५ अंश तापमान आणि ९९ किलोपास्कल कोरड्या हवेचा दाब, हा प्रमाण दिवस मानून प्रत्यक्ष मोजमाप त्या दिवसावर आणलं जातं. एसएई जे-१३४९ नावाच्या प्रमाणात याचं सूत्र आहे. ते मी गोव्याच्या हवेला लावून पाहिलं. भर पावसाळ्यात मोजमाप सुमारे साडेतीन टक्क्यांनी वाढवावं लागतं. डिसेंबरमधल्या गार सकाळी उलट एक टक्का कमी करावं लागतं. म्हणजे एकाच गाडीत साडेचार टक्क्यांचा, जवळजवळ चार घोड्यांचा फरक केवळ हवेमुळे.

म्हणून जूनमध्ये एक मोजमाप घेतलं, मग सायलेन्सर बदलला आणि डिसेंबरमध्ये दुसरं घेतलं, तर वाढलेले चार घोडे सायलेन्सरचे नसतात. घाटाचाही हाच प्रकार: दर शंभर मीटरला हवेचा दाब साधारण एका टक्क्यानं उतरतो, आणि टर्बो (हवा दाबून आत कोंबणारा पंखा) नसलेल्या इंजिनाचा श्वास तेवढाच उणा होतो.

पॉवर इथेनॉलनं खाल्ली का?

भाच्याचा सगळा राग इथेच होता, आणि २०२५मध्ये देशभर हाच वाद रंगला होता. म्हणून हे नीट बघू.

लिटरभर इथेनॉलमध्ये ऊर्जा पेट्रोलच्या साधारण दोन-तृतीयांश. वीस टक्के मिसळलं की मिश्रणाच्या लिटरमागे ऊर्जा सहा-सात टक्क्यांनी घटते. मायलेज घटल्याची तक्रार त्यामुळे निराधार नाही. पण पॉवरचं गणित वेगळं आहे. शुद्ध पेट्रोलच्या एका ग्रॅमला पूर्ण जळायला १४.७ ग्रॅम हवा लागते, इथेनॉलला फक्त नऊ. या वीस टक्के मिश्रणाला सुमारे साडेतेरा. म्हणजे इंजिनात शिरलेल्या तेवढ्याच हवेत थोडं जास्त इंधन जाळता येतं. आता एका ग्रॅम हवेमागे किती उष्णता मिळते ते काढा: पेट्रोलला ४३ भागिले १४.७, म्हणजे २.९३. मिश्रणाला सुमारे ३९.६ भागिले १३.५, म्हणजे पुन्हा २.९३.

बरोबरी! इंजिन हवेवर बांधलेलं असल्यामुळे शिखराची पॉवर जवळपास तीच राहते. फक्त टाकी लवकर रिकामी होते. ईसीयू ऑक्सिजन सेन्सरवरून ओळखतो की मिश्रण पातळ पडतंय, आणि इंधनाचा डोस वाढवतो. या वाढीला फ्युएल ट्रिम म्हणतात आणि ती ॲपमध्ये टक्केवारीनं दिसते. भाच्याच्या गाडीत ती वाढलेली होती, म्हणजे ईसीयू आपलं काम चोख करत होता. जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्यांवर आणि सीलवर या इंधनाचा परिणाम काय होतो, हा खरा आणि वेगळा प्रश्न आहे. पण पंधरा घोडे इथेनॉलनं नेले नव्हते.

रिमॅपनंतर आकडा वाढतो, तो का?

ईसीयूतले तक्ते बदलणं म्हणजे रिमॅप. टर्बो असलेल्या गाडीत यानं खरोखर फरक पडतो, कारण टर्बोला जास्त दाबानं हवा कोंबायला सांगता येतं. हवा जास्त, तर काम जास्त. त्याबरोबर उष्णता आणि क्लच-गिअरबॉक्सवरचा ताणही जास्त.

टर्बो नसलेल्या ८३ पीएसच्या इंजिनात तीस वाढवायचे म्हणजे ३६ टक्के जास्त हवा. भरण ९० टक्क्यांवरून १२२वर न्यावं लागेल, तेही त्याच ११९७ सीसीत आणि त्याच फेऱ्यांना. लॅपटॉपमधून हवा कोंबता येत नाही. ठिणगीची वेळ आणि मिश्रण नीट बसवून थोडे टक्के मिळू शकतात. ॲक्सिलरेटरचा प्रतिसाद तीव्र केला की गाडी हलकी वाटते, पण त्यानं शिखर हलत नाही.

आणि सॉफ्टवेअर इथे दोन्हीकडून फसतं. हवा मोजणाऱ्या सेन्सरचा तक्ताच रिमॅपमध्ये दहा टक्क्यांनी फुगवला, तर ॲपवर दहा टक्के जास्त पॉवर दिसते. इंजिनाची खरी ताकद त्यानं वाढत नाही. डिझेलच्या ट्यूनिंग बॉक्सचं बरोबर उलट. तो इंधनाचा दाब खरा आहे त्यापेक्षा कमी असल्याचं ईसीयूला भासवतो, म्हणून ईसीयू दाब वाढवतो. इंजेक्टरमधून ३७ऐवजी ४२ मिलिग्रॅम पडत असतील, तरी ईसीयूच्या लेखी ३७च. गाडी खरोखर जास्त ओढते आणि मोबाइल म्हणतो काहीच बदललं नाही. तक्त्याला किंवा सेन्सरला हात लावला की त्याच तक्त्यावर उभ्या असलेल्या हिशेबाचा आधार जातो. अशा वेळी आधीचा आणि नंतरचा, एकाच डायनोवर, एकाच दिवशी काढलेला आलेख मागावा. विमा कंपनीला न सांगता केलेला फेरफार दाव्याच्या वेळी अडवू शकतो, आणि नोंदणीपत्रातल्या तपशिलाशी विसंगत बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२प्रमाणे चालत नाहीत, हेही विचारात घ्यावं.

त्या पंधरा घोड्यांचं काय झालं?

चवथीनंतरच्या रविवारी ओळखीच्या माणसाच्या कारखान्याचं बंद आवार मिळालं. पहिल्या गिअरमध्ये ६,००० आरपीएम म्हणजे ताशी पन्नासच्या आतच, तेवढी जागा पुरे होती. मी भाच्याला सांगितलं, हॉर्सपॉवरकडे बघूच नकोस. हवेचा दाब लिहून घे, कारण तो खरोखर मोजलेला आहे. पूर्ण ॲक्सिलरेटर दाबल्यावर इंजिनात शिरणाऱ्या हवेचा दाब बाहेरच्या दाबाच्या जवळ, म्हणजे शंभर किलोपास्कलच्या आसपास यायला हवा. तीन खेपा केल्या, तिन्ही वेळा ९४.

बॉनेट उघडून एअर फिल्टर काढला. तांबड्या धुळीनं त्याच्या घड्या बुजल्या होत्या. मेस्त्रींकडून नवा आणून बसवला आणि पुन्हा तीन खेपा: ९८, ९८, ९७. ॲपवरचे ६८ आता ७१ झाले होते.

मग सेटिंग उघडलं. भरणाच्या रकान्यात ॲपनं आपणहून ८० टक्के लिहिलेले होते. मी तिथे ९० भरले, आणि पुढच्या खेपेला पडद्यावर ८० उमटले.

"मामा, मग खरे किती?" त्यानं विचारलं.

मी म्हटलं, ९० हाही माझा अंदाजच आहे, त्यामुळे ८० लिहून ठेवू नकोस. ९४चे ९८ झाले, ते लिहून ठेव. त्यानं वहीत तारीख, तापमान आणि दोन्ही दाब लिहिले, आणि खाली जुन्या फिल्टरच्या किलोमीटरची नोंद केली.